मातीचा अबोल विनोद

विनोदाचें शास्त्र शिकविण्यांत ज्याच्या आयुष्याचीं सत्तावीस वर्षें गेलीं, त्यानें एका मातीच्या कुत्र्यापुढें हार खावी, ही गोष्ट ऐकणाराला खचितच हास्यास्पद वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाची अवस्था नेमकी तशी झाली आहे. आणि ती झांकून ठेवण्यापेक्षां तिचीं कारणें शोधून पाहणें अधिक बरें, असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

वर्गांत विनोदाचा विषय निघाला म्हणजे मी आजवर एक सिद्धांत मोठ्या आत्मविश्वासानें सांगत आलों. तो असा, कीं हास्याच्या तीन पायऱ्या आहेत. कोणी पाय घसरून पडला, कोणाची टोपी वाऱ्यानें उडाली, यावर जें हंसूं येतें तें अगदीं खालच्या पायरीवरचें. प्रसंगांच्या गुंतागुंतींतून निघणारा विनोद त्याहून वरचा. परंतु सर्वांत वरच्या पायरीवरचा विनोद शब्दाच्या आश्रयानेंच राहतो. कारण विसंगति ओळखणें हें बुद्धीचें काम, आणि बुद्धीचें वाहन भाषा. मराठी वाचकाला हा सिद्धांत पटण्यास वेळ लागत नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या कोट्यांवर पोसलेलें, चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या बोलण्यावर लुब्ध झालेलें आपलें मन शब्दावांचून विनोद ही कल्पनाच सहसा करीत नाहीं. तो सर्कशींतल्या विदूषकाचा प्रांत, असें म्हणून आपण मुलांना तिकडे पाठवितों आणि स्वतः बाहेर चहा पीत बसतों.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या बारा वर्षांच्या पुतण्यानें मला बाहेर बसूं दिलें नाहीं. "काका, अर्धाच तास बसा," असा आग्रह करून त्यानें 'द रॉन्ग ट्राउझर्स' हा १९९३ सालचा इंग्रजी चित्रपट मला दाखविला. त्यांत सारीं पात्रें मातीचीं. वॉलेस नांवाचा एक टकल्या, चीजचा शौकी, नाना यंत्रें बनविण्याचा नाद लागलेला एकटा गृहस्थ आणि त्याचा ग्रॉमिट नांवाचा कुत्रा, असे दोघे उत्तर इंग्लंडांतल्या एका विटांच्या घरांत राहतात. धनी बोलतो, कुत्रा बोलत नाहीं. नुसता बोलत नाहीं असें नव्हे, त्याला तोंडच दिलेलें नाहीं. परंतु तो वर्तमानपत्र वाचतो, विणकाम करतो, आणि धन्याच्या प्रत्येक शोधानें ओढवलेलें संकट निमूटपणें निस्तरतो. त्या अर्ध्या तासांत मी ज्या ज्या ठिकाणीं मनापासून हंसलों, त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं कोणी एक अक्षरही उच्चारीत नव्हतें. माझ्या तीन पायऱ्यांच्या जिन्याला पडलेली ही पहिली चीर.

या चित्रपटांचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. ब्रिस्टल शहरांत आर्डमन नांवाची चित्रसंस्था आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळासोबत्यांनीं १९७२ सालीं तिचा आरंभ केला, आणि १९७६ मध्यें ते ब्रिस्टलला येऊन स्थायिक झाले. पुढच्याच वर्षीं बी. बी. सी.च्या मुलांसाठीं असलेल्या चित्रकलेच्या कार्यक्रमांत त्यांचा मॉर्फ नांवाचा लहानसा मातीचा पुतळा टेबलावर बागडूं लागला. १९५८ सालीं प्रेस्टन येथें जन्मलेला निक पार्क १९८५ मध्यें त्यांना येऊन मिळाला, तेव्हां त्याच्याबरोबर एक अर्धवट चित्रपट होता. चित्रपटविद्येच्या शाळेंत असतां १९८२ सालीं त्यानें तो हातीं घेतला होता. 'ए ग्रँड डे आउट' या नांवानें तो पुरा झाला १९८९ मध्यें. २३ मिनिटांच्या कृतीला सात वर्षें! वॉलेसला आवाज देण्याबद्दल पीटर सॅलिस या नटाला त्या विद्यार्थ्यानें देऊं केलेला मोबदला म्हणजे नटाच्या आवडीच्या धर्मादाय संस्थेस ५० पौंडांची देणगी. चित्र पुरें झाल्याचा निरोप कांहीं वर्षांनीं आला, तेव्हां सॅलिस चकितच झाले. त्याच वर्षीं पार्कनें केलेल्या 'क्रीचर कम्फर्ट्स' या दुसऱ्या छोट्या चित्राला ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें त्याच्याच 'ए ग्रँड डे आउट'ला मागें टाकून! पुढें 'द रॉन्ग ट्राउझर्स' आणि १९९५ चा 'ए क्लोज शेव्ह' यांसही तोच मान लाभला.

आतां ही माती म्हणजे कुंभाराची माती नव्हे. १८९७ सालीं बाथ येथील विल्यम हार्बट या कलाशिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं न सुकणारी एक माती तयार केली. तिचें नांव प्लॅस्टिसिन. खडूसारखी भुकटी, पेट्रोलियम जेली आणि स्निग्ध आम्लें यांचें तें मिश्रण. त्यांत पाणी नसल्यामुळें तें वाळत नाहीं, तडकत नाहीं. बोट लावावें तेथें दबतें आणि दबलेलें तसेंच राहतें. बाथ आणि ब्रिस्टल हीं अगदीं शेजारचीं गांवें आहेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. पुतळ्याच्या आंत धातूचा सांगाडा असतो व त्याचे सांधे हवे तसे वळतात. पुतळा एका स्थितींत उभा करावयाचा, एक चित्र घ्यावयाचें. त्याचा हात केसभर हलवावयाचा, दुसरें चित्र घ्यावयाचें. असा हा उद्योग. पडद्यावरून सेकंदाला २४ चित्रें जातात. एकेक स्थिति दोन दोन चित्रांपुरती टिकविली, तरी सेकंदाला १२ स्थिति लागतात. म्हणजे तीस मिनिटांच्या चित्रपटाला २१,६००. वॉलेस बोलूं लागला म्हणजे प्रत्येक ध्वनीसाठीं त्याचें तोंड बदलावयाचें. डोळ्यांतले मणी टांचणीनें किंचित् किंचित् फिरवावयाचे. दिवसभर खपून एका कारागिराच्या पदरीं पडतात ते थोडेसे सेकंद.

ही युक्ति आपणांस अगदींच परकी आहे असें मात्र कोणी समजूं नये. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती, आणि तें चित्र दाखवून भांडवल देणारांची खात्री पटविली होती. पुढें 'आगकाड्यांची मौज' या चित्रांत त्यांनीं काड्यापेटींतल्या काड्यांना खेळविलें. तें चित्र आज उपलब्ध नाहीं. परंतु निर्जीव वस्तूला एकेका चित्रानें जीव देण्याचा मोह मराठी मनालाही चित्रपटाच्या जन्माबरोबरच झाला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कारागिरीचें वर्णन ऐकून तिचें मर्म कळतें असें नाहीं. मला तें कळलें दुसऱ्या दिवशीं, जेवणाच्या टेबलावर. पुतण्यानें बाजारांतून मुलांची रंगीत माती आणली, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून पक्का बसविला, आणि ताटांतल्या लाडवापाशीं आम्ही एक मातीचा गृहस्थ उभा केला. लाडू चोरावा कीं न चोरावा, या विचारांत तो पडला आहे, असें दाखवावयाचें होतें. दिग्दर्शनाचा मान अर्थातच मीं घेतला. मीं त्याला डोकें खाजवावयास लावलें, मान डोलवावयास लावली, दोन्ही हात वर करवून पुन्हां खालीं आणविले. दोन तासांनीं हातांच्या उष्णतेनें माती मऊ पडली आणि गृहस्थाचा उजवा हात गळून ताटांत आला. घेतलेलीं चित्रें लावून पाहिलीं, तों त्या बिचाऱ्याला वाताचा झटका आल्यासारखें दिसत होतें! तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, एवढें सगळें कशाला? नुसता लाडवाकडे बघूं दे." मग आम्ही आठ चित्रांत त्याची मान लाडवाकडे वळविली, आणि पुढचीं सोळा चित्रें त्याला मुळींच हात लावला नाहीं. शेवटच्या बारा चित्रांत मान परत आमच्याकडे. तीन सेकंदांचा तो खेळ पाहून घरांतलीं सारीं माणसें हंसलीं. जेथें मीं कष्ट केले होते तेथें कोणी हंसलें नाहीं. जेथें पुतळा नुसता उभा होता तेथें हंसलीं.

मातीच्या विनोदाचें रहस्य मला येथें सांपडलें असें वाटतें. हा काटकसरीचा विनोद आहे. जिवंत नटाला हातवारे फुकट मिळतात. म्हणून तो ते उधळतो. मातीच्या नटाला भुंवई उचलावयाची झाली तरी कोणाच्या तरी अर्ध्या घटकेचें मोल पडतें. म्हणून जी हालचाल अवश्य नाहीं ती होतच नाहीं. आणि जी एक हालचाल होते, तिच्या मागेंपुढें एवढी शांतता पसरलेली असते, कीं प्रेक्षकाचें सारें लक्ष तिच्यावर एकवटतें. गरिबीनें लावलेली ही शिस्त आहे. मात्रांच्या आणि गणांच्या बंधनांत कवीला अनावश्यक शब्द टाकून द्यावे लागतात व त्यांतूनच कित्येकदां ओळ उजळते, तशांतलाच हा प्रकार.

ग्रॉमिटच्या जन्माची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. आरंभीं त्याला तोंड व आवाज देण्याचा पार्कचा विचार होता. परंतु 'ए ग्रँड डे आउट'मधील एका प्रसंगांत वॉलेस लाकूड कापतो आहे व त्या लाकडाखालीं घोडीसारखा कुत्रा उभा आहे, असें दृश्य होतें. पुतळा असा अडकलेला, कीं कारागिराचा हात त्याच्या कपाळापलीकडे सहज पोंचेना. तेव्हां त्यानें नुसती भुंवई हलवून पाहिली. आणि त्या एका हालचालींत जें पाहिजे होतें तें सर्व आलें. तोंडाची गरजच उरली नाहीं. अडचण हीच येथें गुरु झाली. तेव्हांपासून ग्रॉमिट आपल्या कपाळाच्या एका घडीनें बोलत आला आहे. सहनशीलता, शंका, अपमान, 'हें होणार हें मला ठाऊकच होतें' हा भाव, आणि इतकें असूनही धन्यावरची न आटणारी माया, हें सारें त्या घडींत मावतें. इंग्रजी मूकपटांच्या काळांतला बस्टर कीटन हा नट कधीं हंसत नसे. त्याच्या निर्विकार चेहऱ्यावर प्रेक्षकच आपल्या मनांतला भाव पाहत. ग्रॉमिट हा त्याच घराण्यांतला आहे.

येथें फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याची आठवण होणें अपरिहार्य आहे. १९०० सालच्या आपल्या हास्यावरील ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें, कीं जिवंत माणूस यंत्रासारखा वागूं लागला म्हणजे आपणांस हंसूं येतें. चैतन्यावर चढलेली यांत्रिकतेची पुटें हेंच हास्याचें बीज. 'द रॉन्ग ट्राउझर्स' पाहतांना हा सिद्धांत जणूं देह धारण करून समोर उभा राहतो. वॉलेसनें कुत्र्याला फिरावयास नेण्याचे कष्ट वांचावे म्हणून एक यांत्रिक विजार आणली आहे. ती आपोआप चालते. कपटी भाडेकरू तिच्या कळा बदलतो, आणि सकाळीं त्या विजारींत पडलेला वॉलेस गांवभर धांवत सुटतो. माणूस विजार घालीत नाहीं. विजारच माणसाला घालून निघाली आहे! परंतु बर्गसाँला न सुचलेली एक गोष्ट येथें आहे. वॉलेस असो वा विजार असो, सर्वच मुळांत निर्जीव. म्हणजे येथें दोन क्रिया उलटसुलट चालल्या आहेत: निर्जीव मातीला माणूसपण येत आहे, आणि तिच्यांतून झालेला माणूस पुन्हां यंत्र होत आहे. त्या दोहोंच्या मधें एक कुत्रा तेवढा खरोखर जिवंत आहे, आणि तो अगदीं थोडा हलतो. चैतन्य म्हणजे चळवळ नव्हे, हा धडा मला मातीच्या गोळ्यानें द्यावा, याचें मला राहून राहून नवल वाटतें.

त्या कपटी भाडेकरूबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. कारण काटकसरीची परमावधि त्याच्यांत झाली आहे. हा भाडेकरू एक पेंग्विन पक्षी आहे. त्याला भुंवया नाहींत, ओंठ नाहींत. बाटलीसारख्या गुळगुळीत अंगावर एक चोंच आणि दोन काळे मणी. चित्रपटभर त्याच्या मुद्रेवर एक रेघही उमटत नाहीं. तो ग्रॉमिटची खोली बळकावतो, धन्याचें मन जिंकतो, आणि झोंपलेल्या वॉलेसला त्या विजारींतून पदार्थसंग्रहालयाच्या भिंतीवरून व छतावरून चालवून हिरा चोरवितो. त्याच्याकडे पाहून खरोखर भीति वाटते. आणि ही भीति कोठून आली म्हणून पाहूं जावें, तों त्या मण्यांत कांहींच नसतें. पार्श्वसंगीत, सावली, आणि तो किती वेळ स्थिर उभा राहतो याचें अचूक माप, एवढ्यावर हा खलपुरुष उभा आहे. वेषांतर म्हणून तो डोक्यावर तांबडा रबरी हातमोजा घालतो व कोंबडा होतो. सारें शहर त्याला कोंबडा समजतें. मोजा काढतांच वॉलेस आश्चर्यानें थक्क होतो. आपल्या नाटकांतून मिशा लावून आलेला नायक स्वतःच्या बापाला ओळखूं येत नाहीं, तें आपण गंभीरपणें चालवून घेतों. येथें त्या संकेताचीच थट्टा आहे. आणि ती एका मोज्यांत उरकली आहे.

उलट शेवटचा पाठलाग घ्या. घरांतल्या खेळण्यांतल्या आगगाडीवर चोर पुढें, हीं दोघें मागें. रूळ संपतात. ग्रॉमिट गाडीवर बसून पेटींतले सुटे रूळ काढतो आणि धांवत्या गाडीपुढें एकामागून एक मांडीत जातो. सव्वीस मिनिटें ज्यानें भुंवईपलीकडे कांहीं हलविलें नाहीं, त्याचे हात आतां दिसेनासे होतात. जन्मभर काटकसर करणाऱ्या गृहस्थानें मुलीच्या लग्नांत हात मोकळा सोडावा, तसा हा खर्च आहे. मागच्या शिलकीवांचून तो शोभला नसता. आणि रूळ मांडतां मांडतांच त्यांवरून धांवणें हें त्या कारागिराचेंच चित्र नव्हे काय? तोही पुढच्या क्षणाची एकेक चकती मांडतो, तेव्हां कोठें त्याचा कुत्रा एक पाऊल पुढें सरकतो.

वाचक विचारतील, तर मग शब्दाला येथें मुळींच स्थान नाहीं काय? आहे, आणि तेंही काटकसरीनेंच दिलेलें आहे. 'क्रीचर कम्फर्ट्स' या पांच मिनिटांच्या चित्रांत प्राणिसंग्रहालयांतले प्राणी आपल्या राहणीविषयीं बोलतात. ते आवाज नटांचे नव्हेत. सामान्य माणसांच्या घेतलेल्या खऱ्या मुलाखती आहेत, कोणी वृद्धाश्रमांतल्या आजीबाई, कोणी ब्राझीलहून इंग्लंडांत शिकावयास आलेला तरुण. तो तरुण थंडी, अपुरी जागा आणि तिकडचें बेचव अन्न यांविषयीं कुरकुर करतो; पडद्यावर ती कुरकुर एका पिंजऱ्यांतल्या रानमांजराच्या जातीच्या मोठ्या जनावराच्या तोंडीं आली आहे. शब्द तेच, परंतु पिंजऱ्यामुळें त्यांचा अर्थ बदलला. ज्यांचीं मुलें परदेशांत एका खोलींत राहून घरीं 'सर्व ठीक आहे' असें कळवितात, त्यांना या ठिकाणीं हंसतां हंसतां थांबावें लागेल. हा विनोद लेखणीनें लिहिलेला नाहीं. अडखळत बोलणाऱ्या माणसाचे शब्द ऐकून ते कोणत्या प्राण्याला द्यावे, एवढाच निर्णय लेखकानें घेतला आहे. शब्दावर हुकमत गाजविण्यापेक्षां शब्दाला कान देणें हेंही विनोदकाराचें काम आहे, हें मीं वर्गांत कधीं सांगितल्याचें स्मरत नाहीं.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, 'हें सारें श्रमाचें कौतुक आहे. तांदळाच्या दाण्यावर गीता लिहिणाराचें आपण जसें कौतुक करतों, तशांतलें. मातींतले बोटांचे ठसे पाहून तुमचें मन भरून येतें. परंतु ठसे हा कांहीं कलेचा गुण नव्हे.' हा आक्षेप योग्य आहे, आणि श्रम हा स्वतः गुण नव्हे हें मला सर्वस्वीं मान्य आहे. सात वर्षें खपून केलेली गोष्टही नीरस असूं शकते. सुदैवानें या प्रश्नाची परीक्षा पाहण्याची सोय त्याच संस्थेनें करून ठेविली आहे. २००६ सालीं आर्डमननें 'फ्लश्ड अवे' हा चित्रपट सर्वस्वीं संगणकावर केला. लंडनच्या गटारांतली ती उंदरांची कथा. तींत पाणीच पाणी, आणि मातीला पाणी दाखविणें कठीण. तेथल्या उंदरांचे चेहरे, रुंद तोंडें, डोळे सारे मातीच्या पुतळ्यांसारखेच घडविले आहेत. तरीही तो चित्रपट मला ग्रॉमिटच्या शेजारीं बसवितां येत नाहीं. कारण ठसे नाहींत हें नव्हे. कारण असें, कीं तेथें हालचाल स्वस्त झाली आहे, आणि स्वस्ताई झाल्याबरोबर पात्रें हात उधळूं लागलीं आहेत, माझ्या लाडूचोरासारखीं. त्यांतल्या त्यांत मनांत राहतात त्या गाणाऱ्या गोगलगाई. आणि त्यांना हातही नाहींत, पायही नाहींत! तेव्हां दोष यंत्राचा नाहीं. संगणकावरही कोणी संयम पाळील तर त्यालाही हें साधेल. परंतु माती संयम शिकविते, संगणक तो ऐच्छिक ठेवतो. आणि ऐच्छिक विषयाकडे विद्यार्थी किती वळतात, हें कोणाही प्राध्यापकाला ठाऊक आहे.

स्तुति करतांना दोष झांकणें हें समीक्षकाला शोभत नाहीं. 'ए क्लोज शेव्ह'मध्यें मेंढ्यांची चोरी, यांत्रिक कुत्रा, विमान, वॉलेसचें प्रेमप्रकरण असा पसारा मांडला आहे, आणि जी शांतता आधींच्या चित्राचा प्राण होती तिला जागा उरलेली नाहीं. अर्ध्या तासाचा घाट मोडून २००५ सालीं 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' हा लांबीचा चित्रपट निघाला; त्यालाही ऑस्कर मिळालें, परंतु मधल्या भागांत तो स्वतःचीं पावलें मोजीत चालतो असें वाटतें. २०२४ चा 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल' अधिक विचार करावयास लावतो. २०१७ मध्यें पीटर सॅलिस निवर्तले. वॉलेसचा आवाज आतां बेन व्हाइटहेड यांचा आहे. तो पेंग्विन परत आला आहे, आणि तितकाच निश्चल आहे. या चित्रांत वॉलेसनें बागकामासाठीं यांत्रिक बुटका केला आहे, आणि कुत्र्याला थोपटण्याचेंही यंत्र केलें आहे. कांहीं गोष्टी यंत्रानें करावयाच्या नसतात, हें त्याला शेवटीं उमजतें. हें तात्पर्य खरें आहे, आणि हातानें काम करणारांनीं आजच्या काळांत तें सांगणें स्वाभाविकही आहे. परंतु १९९३ सालीं हेंच तात्पर्य विजारीनें न बोलतां सांगितलें होतें. जें भुंवईनें सांगून झालें होतें, तें आतां तोंडानें सांगावें लागलें. कालमान बदललें म्हणावयाचें, दुसरें काय?

एक प्रसंग सांगितल्यावांचून हा लेख पुरा करवत नाहीं. १० ऑक्टोबर २००५ रोजीं ब्रिस्टलमधल्या ज्या वखारींत आर्डमनचे जुने देखावे व पुतळे जपून ठेविले होते, ती वखार आगीत भस्म झाली. कित्येक वर्षांची हातकारागिरी एका सकाळींत गेली. त्याच्या दोनच दिवस आधीं काश्मीरच्या भागांत प्रचंड भूकंप होऊन हजारों माणसें गाडलीं गेलीं होतीं. त्या दुःखापुढें आपलें नुकसान कांहीं मोठें नव्हे, अशा आशयाचे उद्गार पार्कनें त्या वेळीं काढले. ज्या माणसानें एका चित्रासाठीं सात वर्षें वेंचलीं, त्याच्या तोंडचे ते शब्द आहेत. मला त्यांत ग्रॉमिटची भुंवई दिसते. आपल्या दुःखाचें माप नेमकें किती, हें ज्याला कळतें, त्यालाच विनोदाचें मापही कळतें. आणि ग्रॉमिट घर सोडून पावसांत चालूं लागतो तेव्हां आपला गळा कां दाटून येतो, याचा उलगडाही मला येथेंच होतो. करुण आणि हास्य यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, हें मापानें चालणाराच दाखवूं शकतो.

माझ्या जिन्याचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. शब्दांचा विनोद मी टाकून दिलेला नाहीं. तो टाकला तर मला घरच्या कपाटांतलीं निम्मीं पुस्तकें टाकावीं लागतील, आणि गडकऱ्यांच्या कोटीवर मी अजूनही एकटाच मोठ्यानें हंसतों. परंतु पायऱ्या काढून टाकल्या आहेत. कोल्हटकरांच्या उत्तम लेखांतही जें अखेरपर्यंत टिकतें, तें कोट्यांची उधळण नव्हे. मोजकें वाक्य लिहून लेखक जेथें स्वस्थ बसतो तें स्थळ. तोच नियम मातीला आहे. या वर्षींच्या वर्गांत मी फळ्यावर तीन पायऱ्या काढणार नाहीं. पहिल्या तासाला आवाज बंद करून ती अर्ध्या तासाची गोष्ट दाखवावी, आणि विद्यार्थी कोठें कोठें हंसतात तें मागच्या बांकावर बसून टिपून घ्यावें, असा विचार आहे. पुतण्याला हें कळविलें, तेव्हां त्यानें एवढेंच उत्तर धाडलें: "काका, मधें मधें बोलूं नका."